मागची पुढं

मुलाणी सर, आपला वाद अर्धवट टाकून तुम्ही गेलात हे मला मुळीच पटलेलं नाही. तशी अर्धवट कामांची तुमची सवय जुनीच. स्नेहसंमेलनाच्या पडद्यावरचा शिवनेरी अजून एका बाजूने रंगवायचा राहिला आहे. पण हा वाद तरी तुम्ही पुरा कराल असं मी धरून चालले होते, कारण त्यात तुम्ही हरत होतात. निदान परवापर्यंत मला तसं वाटत होतं.

परवा जुन्नरला तुमच्या घरी जाऊन आले. निघताना सवयीने यादी केली: भाभींसाठी चहा-साखर, बसायला येणाऱ्यांसाठी जास्तीचे कप, तुमच्या कपाटाची शाळेत राहिलेली किल्ली, आणि शेवटी 'रडायचं नाही'. पहिली तीन कामं झाली.

तिथे जे कळलं ते सांगण्याआधी सगळं एकदा क्रमाने मांडते. तुम्ही हे कधी करू दिलं नाहीत. आपल्या मुलींची ती जिल्ह्याची शर्यत सांगायला तुम्ही बसलात की दर वेळी चढ जास्त उभा व्हायचा आणि पुण्याच्या मुली जास्त उंच व्हायच्या. आज मध्येच 'बाई, तसं नव्हतं' म्हणायला तुम्ही नाहीत. त्याचा फायदा घेते.

तुम्ही आमचे चित्रकलेचे सर. खेळाचे शिक्षक बदलून गेले, दुसरे आलेच नाहीत, तेव्हा मुख्याध्यापकांनी शिट्टी तुमच्या हातात ठेवली. कारण त्या वेळी शिक्षकांच्या खोलीत तुम्ही एकटेच हसत होता. मुलींच्या संघाबरोबर एक बाई लागतेच. ते काम माझ्याकडे आलं, कारण माझी पिशवी कायम भरलेली असायची. गणिताची बाई आणि चित्रकलेचे सर, दोघांनाही धावण्यातलं काही कळत नव्हतं. तुम्हाला कळायचे ते बैलगाडे. तरुणपणी तुम्ही घाटात गाड्यापुढे घोडीवर बसायचात. आपल्याकडे शर्यतीच्या चढाला घाट म्हणतात, आणि बैलांनी जीव तोडून पळावं म्हणून त्यांच्यापुढे घोडी पळवतात. एकदा घोडीवरून पडलात, पाय अधू झाला, आणि मग चित्रं काढायला लागलात. हे तुम्हीच सांगायचात, तेही असं, की जणू सगळ्यांनीच चित्रकलेकडे याच वाटेने यावं.

मढच्या वरच्या अंगाला डोंगरात जी वाडी आहे, तिथून त्या वर्षी चार मुली शाळेला यायच्या. हिरा थोरली, नववीतली. मंदा, आणि दोघी चुलत बहिणी. चौघी एकत्र निघायच्या, एकत्र परतायच्या. एकीला थांबायचं असेल तर चौघी थांबायच्या. वाट ओढ्यातून आणि झाडीतून. बिबट्याचं भय होतं, आणि त्याहून जास्त भय लोकांच्या तोंडाचं. पुढे हिरा, हातात काठी, मागे तिघी, अशी ती रांग उतरताना आपल्याला वर्गातून दिसायची. घरच्यांचं बोलणं साफ होतं: पोरी जातील तर सगळ्या जातील.

क्रॉसकंट्रीचा संघ निवडायचा तेव्हा मी मैदानाला फेऱ्या मारायला लावून वेळा घेतल्या आणि पहिल्या सहा मुलींची नावं लिहून तुमच्यापुढे ठेवली. त्यात वाडीच्या बाकी तिघी होत्या, हिरा नव्हती. ती पळायची म्हणजे तिच्या चालण्याला जरा राग आल्यासारखं दिसायचं. तुम्ही कागद उलटा धरला होता की सुलटा, देव जाणे, पण विचारलंत एवढंच, की सराव संपेपर्यंत हिरा काय करणार.

मी म्हटलं, पायरीवर बसून अभ्यास करील.

तुम्ही म्हणालात, "बसवून ठेवलेली पोर चार दिवसांनी येत न्हाई, बाई."

ते खरं होतं. हिराच्या वडिलांनी, लक्ष्मणरावांनी, दिवाळीतच मला सांगून ठेवलं होतं की नववी झाली की बास, बसायचंच तर घरी बसंल, शेरडं हायेत. आणि हिरा घरी बसली की काठी घेऊन पुढे चालणारं कुणी उरत नव्हतं. एक पोरगी गळाली तर चौघी गळणार, हे मला गणितासारखं दिसत होतं. तरीही मी म्हणाले की त्यासाठी संघ बिघडवायचा नसतो. तुम्ही माझ्या यादीतलं सहावं नाव खोडलंत आणि तिथे हिरा लिहिलंत. वाद तिथून सुरू झाला.

आता तुमच्या चुकीकडे येते. स्पर्धेच्या पत्रात वार आणि ठिकाण होतं, नियम नव्हते. जिंकणार कोण, कसं ठरवतात, असं मी तुम्हाला विचारलं. क्षणभरही न अडखळता तुम्ही सांगितलंत, "गाडा कवा आला म्हणायचा? मागचं चाक निशाणाला लागंल तवा. सहावी पोर आली की संघ आला." इतक्या खात्रीने बोलणारा माणूस चुकत असेल असं मनातही आलं नाही.

मग त्या हिशोबाने सराव. आधी मंदाला पुढे ठेवलंत. ती वाऱ्यासारखी, भातखाचरांचे दोन बांध ओलांडले की दिसेनाशी व्हायची, आणि मागच्या पाचजणी धावायच्या थांबून बांधावर बोरं खायच्या. तुम्ही मंदाला परत बोलावलंत आणि म्हणालात की घोडी लई पुढं गेली की बैल मान टाकतो. घोडी दिसंल अशी पळवायची. दुसऱ्या दिवशी हुकूम निघाला: मागची पुढं. हिरा सगळ्यांपुढे धावणार आणि तिला कुणी ओलांडायचं नाही.

मुली हसून लोळल्या. हिराचं नाव घोडी पडलं. तिची आई तक्रार घेऊन शाळेत आली होती, आठवतं? वाढत्या पोरीला घोडी म्हणतात, उद्या हिला करून कोण घेईल, म्हणून तावातावाने बोलत होती. तुम्ही हात जोडून तिला सांगितलंत, "वहिनी, बैल जिंकत व्हते, पर लोक घोडीमुळं मला वळखत व्हते. तुमच्या पोरीलाबी वळखतील." ती पदर तोंडाला लावून गेली. रागाने लावला की हसू दाबायला, यावरही आपलं एकमत झालं नव्हतं.

भात निघाल्यावर मोकळी झालेली खाचरं, मग ओढा, मग माळशेजच्या डांबरी रस्त्यापर्यंतची चढण. पुढे हिरा, मागे पाच. मंदाची चिडचिड व्हायची, पाय आखडून पळावं लागतं म्हणायची. पण मागे कुणीतरी आहे म्हटल्यावर हिराला थांबता येईना. ती दर आठवड्याला थोडी वाढत गेली आणि तिच्याबरोबर सगळी रांग वाढत गेली. घड्याळ माझ्या हातात होतं, म्हणून हे मी नाकारू शकत नाही.

तालुक्याच्या स्पर्धेला ओतूरला गेलो तर मुलींचा पूर्ण संघ आणलेली आपली एकटीच शाळा. चहा पाजून, प्रमाणपत्र देऊन परत पाठवलं. त्यामुळे चूक उघडी पडायची राहिली ती थेट जिल्ह्याला.

जिल्ह्याची धाव त्या वर्षी आंबेगाव तालुक्यात होती, डिंभ्याच्या धरणाच्या खालच्या अंगाला. कालव्याच्या कडेने जायचं, वावरांतून वळसा, आणि शेवटी धरणाच्या बाजूला उभा चढ. पुण्याच्या शाळांच्या मुली एकसारख्या निळ्या-लाल कपड्यांत, पायात खिळ्यांचे बूट. आपल्या मुलींच्या अंगात शाळेचेच गणवेश, आणि दोघी अनवाणी, कारण बुटात त्यांना पळता येत नव्हतं. आणि मग भोंग्यावरून नियम वाचून दाखवला गेला. संघातल्या पहिल्या चौघींचे क्रमांक धरायचे, ज्यांची बेरीज कमी तो संघ जिंकला. पाचवी आणि सहावी हिशोबात नाहीत.

तुम्ही कालव्याच्या बांधावर मटकन बसलात. इतक्या वर्षांत तेव्हा एकदाच तुमच्या तोंडून ऐकलं, "बाई, मी चुकलो."

रडायला वेळ नव्हता. मी तिथल्या तिथे नवं नियोजन केलं आणि मुलींना गोळा करून सांगितलं: मंदा मोकळी सुटेल, तिच्यामागे तिघी आपापल्या जोरावर जमेल तितक्या पळतील, उरलेल्या दोघींनी सावकाश आलं तरी चालेल. हिरा वेणी बांधत होती. ती थांबली.

"म्हंजी मी आले काय अन् न्हाई काय, सारखंच?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण मला ते तोंडाबाहेर काढवेना. तुम्ही काढलंत. "हिशोबाला सारखंच, पोरी."

"अन् वाटंला?"

तुम्ही म्हणालात, "वाटंला न्हाई."

"मग मंदीला सोडा," हिरा म्हणाली. "बाकीच्या माझ्यामागं येतील. त्यांना दुसरं येतंय काय?"

मुली हसल्या. सकाळपासून पहिल्यांदा. माझं नियोजन तिथेच कालव्यात गेलं.

मी चढाच्या माथ्यावर शेवटच्या दोरीजवळ टॉवेल आणि लिंबू-साखरेचं पाणी घेऊन उभी राहिले. तुम्ही कधी लंगडत चढाच्या मध्यावर गेलात, मला कळलं नाही. पहिल्या आल्या त्या पुण्याच्या मुली. मंदा त्यांच्यात होती. चौथी आली. वैयक्तिक म्हणून विभागाच्या स्पर्धेला पहिल्या तिघींना नेणार होते.

मग कितीतरी वेळ एकेकटी मुलगी येत राहिली. कुणी कंबर धरलेली, कुणी रडवेली, कुणी मागे बघत. पहिल्या तीन भारी आणि चौथीचा पत्ता नाही, असं पुण्याच्या सगळ्यांत नावाजलेल्या शाळेचं झालं होतं. आणि मग चढाच्या तळाशी एक घोळका दिसला. पाचजणी, एकीच्या मागे एक, वाडीची वाट उतरताना दिसायच्या तशाच. कालव्याच्या सबंध कडेला त्यांनी थकलेल्या मुली मागे टाकल्या होत्या, हे नंतर कळलं. चढ लागला तशी हिरा बाजूला सरली आणि ओरडली, "जावा गं आता." चौघी तिला ओलांडून सुटल्या. हिरा आपल्यातली शेवटची झाली, आणि तिच्या पुढे काही अंतरावर पुण्याच्या त्या शाळेची चौथी मुलगी होती.

माणसं दोन्ही बाजूंनी ओरडत होती. तुम्ही मात्र ओरडला नाहीत. जिभेने ती टकटक केलीत, घोडीला हाकताना करतात ती. मला वरपर्यंत ऐकू आली. हिराने मान खाली घातली, आणि दोरी अगदी हातभर राहिली असताना त्या मुलीच्या पुढे निघाली.

बेरीज मी बोटांवर केली, मग कागदावर, मग परत बोटांवर. आपण जिंकलो होतो, तेही एका क्रमांकाने. आणि का, ते माझ्या लक्षात यायला जरा वेळ लागला. आपली पाचवी आणि सहावी हिशोबात नव्हत्या, पण जागा तर त्यांनी अडवल्या होत्या. त्यांच्या चौथीच्या पुढे त्या दोघी आल्या म्हणून तिचा क्रमांक तितका मागे गेला. हिरा हातभर मागे राहिली असती तर बरोबरी झाली असती आणि पुढचं देव जाणे. हे मी तुम्हाला समजावून सांगितलं. तुम्ही शांतपणे म्हणालात की नियम चुकला आहे, मागचं चाकच मोजायला पाहिजे.

गावात बातमी आपल्याआधी पोचली होती. एसटीतून उतरलो तर हलगी, गुलाल, आणि घाट जिंकल्यावर मिरवतात तसा सजवलेला गाडा. सहाजणींना त्यात बसवलं. लक्ष्मणराव चाकाजवळून चालत होते. कुणीतरी त्यांची खोड काढलीच: "काय राव, तुमची पोरगी तर मोजलीच न्हाई म्हनं."

ते चालता चालता म्हणाले, "घोडीला कोन मोजतंय? घोडी काढा, अन् मंग पळवून दावा बैल." थोडं पुढे गेल्यावर माझ्याकडे वळले आणि हळूच विचारलं, "बाई, धाव्वीची पुस्तकं कवा मिळत्यात?"

सर, त्या वेळी तुम्ही माझ्याकडे पाहून भुवया उडवल्यात. मी दुसरीकडे पाहिलं.

विभागाच्या स्पर्धेला सोलापूरला सहाजणी गेल्या, आणि तिथे काय झालं हे तुम्ही कधी सांगायचा नाहीत, म्हणून मी सांगते: खालून दुसरे. पण मुलींनी पहिल्यांदा आगगाडी पाहिली, तिच्यात बसल्या, आणि हिरा परतेपर्यंत खिडकीपासून हलली नाही.

वाद मात्र संपला नाही. माझं म्हणणं साधं होतं. गाडा तुमचा आला, पण मंदाचं नुकसान झालं. सबंध हंगाम तिला हिराच्या मागे पाय आखडून पळवलंत. मोकळी पळाली असती तर चौथीची तिसरी आली असती, स्वतःच्या नावावर पुढे गेली असती. तुमचं उत्तर दर वेळी एकच, की बाई, गणित तुमचं बरोबर हाय, पर गाडा आला ना. याला मी उत्तर मानत नसे. पुढे किती संघ आले-गेले, काही जिंकले, बरेच हरले, आणि दर हंगामात चहाच्या वेळी हा वाद निघायचाच. बाकीचे शिक्षक कप घेऊन बाहेर जाऊन बसायचे.

मागच्या महिन्यात तुमच्याकडे आले होते तेव्हा तुम्ही खाटेवर, उशाशी औषधं वेडीवाकडी पसरलेली. मी ती सकाळ, दुपार, संध्याकाळ अशी लावून दिली. भाभी म्हणाल्या, अब तुम ही समझाओ इनको. मी समजावायला घेतलं ते मंदाचंच. तुम्हाला धाप लागत होती, तरी हसलात. म्हणालात, "मंदीला इचारलं का कधी?"

नव्हतं विचारलं. मंदा पोलिसात भरती होऊन कधीच पुण्याला गेली होती. विचारीन म्हटलं आणि ते माझ्या कामांच्या यादीत गेलं.

परवा ती तुमच्या दारात भेटली. साध्या साडीत होती, तरी उभी राहण्यावरून पोलीस वाटत होती. चपलांचा ढीग पडला होता तिथेच मी तिला गाठलं आणि विचारून टाकलं, की त्या वर्षी तुझ्यावर अन्याय झाला असं तुला वाटतं का. तिने मला दोनदा विचारायला लावलं. मग म्हणाली, "तिसरी आले असते तर एकटीचं नाव आलं असतं, बाई. एकटीला सोलापूरला कोण धाडणार व्हतं? सहाजणींत व्हते म्हणून बानं जाऊ दिलं. अन् एकदा जाऊ दिलं म्हणून पुढं भरतीलाबी जाऊ दिलं."

इतकी वर्षं मी वेळा मोजल्या, क्रमांक मोजले, आणि ती चौघींची रांग रोज खिडकीतून बघूनही हे एवढं मांडलं नाही. तुम्हाला हे तेव्हाच दिसलं होतं की तुम्ही नुसते गाड्याच्या नादात चुकलात, हे आता कळायचं नाही. मला वाटतं चुकलातच. पण वाद तुम्ही जिंकलात, सर. हे तुमच्या तोंडावर सांगायचं राहिलं. सांगितलं असतं तर तुम्ही सबंध शाळेला चहा पाजला असता.

हिराही आली होती. ती वाडीवरच्या अंगणवाडीत आहे. माझा हात धरून म्हणाली की बाई, धाव्वीला मी तुमच्याच गणितात गेले व्हते, ऑक्टोबरला सुटले. दारातल्या बायकांत हसू पिकलं, आणि आतून भाभींचा आवाज आला की कोण हसतंय? हिराने आत जाऊन सांगितलं. मग भाभीही हसल्या. तुमच्या घरात मला तेच बरोबर वाटलं.

शिट्टी आता माझ्याकडे आली आहे. दुसरं कुणी घ्यायला तयार नव्हतं. ती मी आधी गरम पाण्यात उकळून घेतली, रागावू नका. वाडीवरून आता सातजणी येतात. त्यांत मंदासारखी वाऱ्याची एक आहे. मी आठवड्याचं वेळापत्रक केलं आहे: बुधवारी ती मोकळी पळेल, माझ्या पद्धतीने. बाकी दिवस तुमच्या पद्धतीने. वाद संपवायचा मला एवढाच मार्ग सुचला.

आज सकाळी पहिला सराव घेतला. सगळ्यांत हळू पळणाऱ्या मुलीला बोलावून रांगेच्या पुढे उभं केलं. ती गोंधळून म्हणाली, "बाई, मी तर मागची हाये."

माझ्याकडे तिला सांगायला मुद्दे तयार होते, क्रमाने. ते राहू दिले. म्हटलं, "दिसशील अशी पळ."

पळाली. मागच्या सगळ्या तिच्या मागे गेल्या. फक्त ती जिभेची टकटक मला जमली नाही, सर. शाळेतून घरी परत येताना एसटीत वाटभर करून पाहिली. शेजारच्या आजीबाई सरकून बसल्या, पण ओतूर येईपर्यंत थोडी थोडी जमायला लागली होती.